बटाट्यात भाजलेलं सोनं

गल्लीत नव्याने राहायला आलेलं कुणीतरी हमखास पिशवी घेऊन तिच्या दारात उभं राहायचं आणि विचारायचं, "बटाटे कसे दिले?" की समोरच्या पायरीवर बसलेल्या बायका तोंडावर हात धरून हसायच्या. तिला सगळे बटाटेवाली म्हणायचे हे खरं, पण तिने आयुष्यात एक बटाटा विकला नव्हता. ती सोनं भाजायची. बटाट्यात घालून.

आता हे काय प्रकरण आहे ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. गावाबाहेरच्या नदीच्या वाळूत सोनं सापडायचं. सापडायचं म्हणजे काय, दिवसभर कंबर मोडेपर्यंत वाळू धुवायची, तेव्हा थाळीच्या तळाला काळी रेती उरायची आणि तिच्यात नखाला चिकटेल एवढी पिवळी भुकटी. ती वेचायची कशी? तर रेतीत पारा ओतून मळायचं. पारा रेतीला सोडतो आणि सोन्याला धरतो. मग फडक्यात घालून पिळलं की जास्तीचा पारा गळून जातो आणि हातात राहतो एक मऊ पांढुरका गोळा. त्यात सोनं असतं तसा पाराही असतो. गोळा तापवला की पारा उडून जातो, सोनं मागे राहतं. पारा उडून जातो तो कुठे, हे मात्र नदीवरच्या कुणी कधी विचारलं नाही.

तिचा नवरा या कामात वस्ताद होता. थाळी अशी फिरवायचा की बघत राहावं. पण वर्षं सरली तसे त्याचे हात थरथरायला लागले. आधी चहा बशीत सांडायचा, मग शर्टाची बटणं लागेनात, मग थाळीच हातात ठरेना. गल्ली म्हणाली, पितो. ज्या माणसाने खोकल्याच्या औषधालाही नाक मुरडलं, त्याला दारुडा ठरवून मोकळे! बाईचा नुसता तिळपापड व्हायचा. "आधी त्यांच्या तोंडाचा वास घ्या आणि मग बोला," असं ती भर नळावर सगळ्यांना सुनावून आली होती. त्यानंतर तिच्यासमोर तरी कुणी तो विषय काढला नाही.

तिला वाटलं, हे सगळं नदीचं काम. गार पाणी, आणि दिवसभर हात पाऱ्यात. तिने त्याचं नदीवर जाणंच बंद केलं. "तुम्ही आता घरात उबेला बसा. भाजायचं मी बघते." नदीवरच्या लोकांनाही भाजायला विश्वासाचं माणूस हवंच होतं, कारण सोनं कुणी उघड्यावर भाजत नाही. कुणाच्या गोळ्यातून किती निघालं हे चार जणांना दिसलं की संपलं. उद्या सगळे त्याच्याच जागेवर खणायला हजर. ही बाई बोलायला फटकळ, पण कुणाचं किती निघालं हे तिने जीव गेला तरी सांगितलं नसतं. दार लावायची, खिडकी लावायची आणि स्वयंपाकघरातल्या चुलीवर तव्यात गोळा तापवायची. नवरा शेजारी खुर्चीत बसून बघायचा.

पुढे बाजारात कुणीतरी म्हणालं, पाऱ्याचा धूर वाईट असतो. ती लगेच सावध झाली. नदीवरच्या एका म्हाताऱ्याने तिला युक्ती सांगितली. मोठा बटाटा मधोमध चिरायचा, पोटात खळगा करायचा, गोळा आत ठेवून तारेने बांधायचा आणि निखाऱ्यात पुरायचा. पारा बटाट्यात मुरतो, सोन्याचा दाणा आत राहतो. नंतर बटाटा पाण्यात कुस्करला की पारासुद्धा परत मिळतो. बाई खूश! "माझ्या घरात धूर नाही हो," असं ती ताठ मानेने सांगायची, आणि खरंच, डोळ्यांना दिसेल असा धूर नव्हताच.

त्या वर्षी लेक सातव्या महिन्यात तिच्याकडे राहायला आली. जावई लांब कामाला, घरात करणारं दुसरं कुणी नाही. आधीचं एक पोटातच गेलं होतं, त्यामुळे या खेपेला बाई जीव मुठीत धरून होती. लेक शिंकली तरी हिच्या छातीत धस्स व्हायचं. बाहेरची खोली ओलसर, म्हणून तिने लेकीची खाट स्वयंपाकघरात मांडली. चुलीच्या एका बाजूला नवऱ्याची खुर्ची, दुसऱ्या बाजूला लेकीची खाट. दोघंही डोळ्यांसमोर आणि दोघंही उबेत. लेकीला भाजलेल्या बटाट्याचे डोहाळे लागले, तर त्याच निखाऱ्यांत ती दोन खायचे बटाटेही ढकलायची. कामाचे झाले की पत्र्याच्या डब्यात, खायचे झाले की ताटलीत. इतकी साधी गोष्ट, तिच्या हाताला डोळे मिटून येत होती.

त्या सकाळी चाळणीवाल्याचा गोळा भाजायचा होता. चाळणीवाला म्हणजे नदीवर सगळ्यांना वाळूच्या चाळण्या बांधून देणारा माणूस. तिने त्याचा गोळा बटाट्यात बांधून निखाऱ्यांत पुरला आणि कालचा कामाचा बटाटा कुस्करायला घ्यावा म्हणून वळली. दाणा तिने काल संध्याकाळीच काढून ज्याचा त्याला दिला होता. डबा भरलेला होता, म्हणून बटाट्याच्या दोन्ही फोडी तात्पुरत्या ताटलीत ठेवल्या होत्या.

ताटली रिकामी होती. आधी तिला वाटलं, उंदीर. मग ताटलीच्या कडेला सांडलेलं मीठ दिसलं. उंदीर मीठ लावून खात नाही.

"अगं, इथला बटाटा कुठे गेला?"

"मी खाल्ला." लेक खाटेवर बसून केस विंचरत होती. "पहाटे जाम भूक लागली होती गं. माझ्यासाठीच ठेवला होतास ना?"

"सगळा खाल्लास?"

"छे, एकच फोड. जिभेला कसंतरीच लागलं. दुसरी चुलीत टाकली. का, किडका होता?"

तिने लेकीचं तोंड धरून उघडलं, आत बघितलं, जणू बटाटा अजून तिथेच असणार होता. लेकीला काय ते कळलं आणि तिने कंगवा खाली ठेवला. बाईने चपला अडकवल्या, लेकीला उठवलं आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, निखाऱ्यांत चाळणीवाल्याचं आहे. लक्ष ठेवा. मी येईपर्यंत दार-खिडकी उघडू नका, कुणाला आत घेऊ नका." त्याने मान हलवली. हल्ली त्याची मान आपोआपही हलायची, पण ही त्याने हलवली होती.

दूधवाल्याचा टेम्पो दवाखान्याच्या दिशेने निघालाच होता. दुधाच्या कॅनच्या मधल्या जागेत दोघी दाटीवाटीने बसल्या. बाई सारखी लेकीच्या पोटाकडे बघत होती. "दुखतंय का? मळमळतंय का? अगं, काहीतरी बोल की!" लेकीनेच शेवटी तिचा हात धरला. "आई, सोनं तर तू काढून घेतलंस. नाहीतर पोर दागिने घालूनच जन्माला आलं असतं."

"गप बस! थट्टा सुचतेय हिला!" बाई ओरडली आणि रडायला लागली.

दवाखान्यात डॉक्टर फेरीवर गेले होते. एक पोक्त नर्सबाई होत्या, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी बटाट्याचं सगळं ऐकून घेतलं, लेकीला टेबलावर झोपवलं, पोटावर नळी लावली आणि बराच वेळ ऐकत राहिल्या.

"ठोके छान आहेत," नर्सबाई म्हणाल्या. बाई स्टुलावर टेकली. "गिळलेला पारा बहुतेक सगळा पोटातून तसाच बाहेर पडतो. डॉक्टर बघतील, तपासणीही करू, पण त्या एका फोडीची मला एवढी भीती वाटत नाही. मला सांगा, तो बटाटा भाजला कुठे?"

"चुलीत."

"चूल अंगणात आहे?"

"नाही हो, सोन्याचं काम अंगणात कोण करतं? स्वयंपाकघरात. दार-खिडकी लावून."

"आणि ही झोपते कुठे?"

लेकच टेबलावरून म्हणाली, "तिथेच. चुलीजवळ."

नर्सबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या अगदी हळू बोलल्या. "बटाट्यात थोडा मुरतो, बाकीचा फटीतून बाहेर येतो. त्याची वाफ दिसत नाही, तिला वास नाही. भिंतीत बसते, गादीत बसते, आणि चूल पेटली की परत वर येते. श्वासातून गेली की रक्तात, रक्तातून बाळापर्यंत. तुमचे हात पुढे करा बघू. बोटं पसरा."

त्यांनी तिच्या बोटांवर एक कोरा कागद ठेवला. कागद फडफडायला लागला.

"घाईघाईत आलेय ना," बाई म्हणाली, "म्हणून."

"घरात कामाला कोण बसतं तुमच्याबरोबर?"

"आमचे हे. त्यांचे हात आधीपासूनच..." ती थांबली. नदीवर जाणं बंद केल्यापासून त्याचं थरथरणं कमी व्हायला हवं होतं. ते वाढत गेलं होतं. आधी नुसते हात होते, मग मान, मग शब्द अडखळायला लागले. ती दर थंडीत त्याची खुर्ची चुलीच्या आणखी जवळ सरकवत गेली होती.

"आत्ता कुठे आहेत ते?" नर्सबाईंनी विचारलं. "चूल विझवून आलात ना?"

नर्सबाईंनी तिला खांद्याला धरून उभं केलं. "जा. आधी त्यांना बाहेर काढा. सगळं उघडं टाका. पाणी ओतू नका, निखारे आपोआप निवू देत. तुम्हीही आत थांबू नका. आणि ही त्या घरात पुन्हा पाऊल टाकणार नाही, बाळ झाल्यावरसुद्धा नाही." लेकीला धाकट्या मावशीकडे सोडायचं ठरलं. बाई तिचा निरोपही न घेता पळत सुटली.

परतीला टेम्पो नव्हता. ती बाजारातून धावली, धाप लागली की चालली, चालून पुन्हा धावली. लोक म्हणत होते, "बटाटेवालीला झालं काय?" तिला कुणी दिसत नव्हतं. आपणच सांगून आलो, दार उघडू नका. आणि तो ऐकणारा माणूस! आयुष्यभर तिचं ऐकत आला होता.

दारात चाळणीवाला ताटकळत उभा होता. "वहिनी, दादा दार उघडेनात," तो म्हणाला. तिने त्याला बाजूला ढकललं, खांद्याने दार ढकलून उघडलं, तोंडावर हात धरून आत शिरली. खिडकीच्या फटीत नवऱ्याने फडकं कोंबून ठेवलं होतं, वारा येऊ नये म्हणून. तो चुलीपुढे वाकून बसला होता. बटाटा त्याने चिमट्याने बाहेर काढला होता, इतक्या थरथरत्या हातांनी तार सोडवली होती आणि आत पिवळाधम्मक दाणा होता.

"बघ," तो म्हणाला, "झ... झालं नीट. काही सांडलं नाही."

तिने त्याला खुर्चीसकट ओढलं. खुर्ची उंबऱ्यात अडकली, तेव्हा चाळणीवाल्याने पुढचे पाय उचलले आणि दोघांनी त्याला अंगणात आणून ठेवलं. तिने खिडकी उघडली, मागचं दार उघडलं आणि बाहेर येऊन त्याच्या पायाशी बसली. "मी तुम्हाला तिथे बसवलं हो," ती म्हणाली. "नदीने नाही केलं. सगळं चुलीने केलं. मी केलं."

त्याला समजायला वेळ लागला. मग तो नदीच्या दिशेला बघून हसला. "म्हणजे नदीवरच बरा होतो म्हण की."

"नदीवरही पाराच होता हो," ती म्हणाली आणि तिला हुंदका आवरेना. चाळणीवाला दाणा हातात घेऊन उभाच होता. "वहिनी, मग आम्ही आता भाजायचं कुठे?" त्याने विचारलं. ती डोळे पुसत त्याच्यावर कडाडली. "कुठेही भाजा, पण माणसं राहतात तिथे नको! पाऱ्याची वाफ पकडणारं झाकणाचं भांडं मिळतं म्हणे, नळी असलेलं. दवाखान्यात जाऊन नर्सबाईंना विचारा. आणि तुमच्या घरात कुणी पोटुशी असेल तर आजच विचारा!"

संध्याकाळी ती नवऱ्याला घेऊन धाकट्या बहिणीकडे पोचली, तेव्हा बहीण तिला दारातूनच न्हाणीत घेऊन गेली. नर्सबाईंनी निरोप धाडला होता: अंघोळ करून, कपडे बदलून मगच लेकीजवळ जायचं. बहिणीचे कपडे तिला तोकडे होत होते. लेकीची लघवी तपासायला मोठ्या गावी पाठवली होती, आणि बाईचा स्वतःचा, नवऱ्याचा नमुनाही. उत्तर यायला वेळ लागणार होता. तोवर कुणालाच काही सांगता येत नव्हतं, आणि उत्तर आल्यावरही बाळाबद्दल नक्की काही सांगता येईलच असं नाही, हेही नर्सबाईंनी लपवलं नव्हतं.

बाई खोलीच्या दारातच थांबली. आत जायचा धीर होईना.

"आई, तिथे काय उभी राहिलीस? ये ना." लेकीने हात पुढे केला. तिचा चेहरा उजळला होता. "दुपारपासून गप्प होतं, आत्ता हलायला लागलंय. लवकर ये, हात ठेव इथे."

बाई खाटेच्या कडेला बसली. लेकीने तिचा तळहात घेऊन पोटावर दाबला.

"कळलं?" लेकीने विचारलं. "कळलं का गं?"

तळव्याखाली काहीतरी थरथरत होतं. बारीक, न थांबता. ते आतून येत होतं की तिच्याच बोटांतून, तिला समजेना. तिने दुसऱ्या हाताने मनगट घट्ट धरून ठेवलं, पण तो हातही तसाच थरथरत होता.

"कळलं गं," ती म्हणाली.