बदली येईपर्यंत

आधीच सांगते, भुताखेतांसाठी माझ्याकडे वेळ नाही. विश्वास नाही वगैरे पुढची गोष्ट... वेळच नाही. बोईसरमध्ये आमची एक छोटी संस्था आहे. ज्यांची मुलं परगावी किंवा परदेशात आणि आईबाप इथे खाटेवर, अशा घरांत आम्ही अटेंडंट बायका पाठवतो. बायका काम करतात, मुंबईचं मुख्य ऑफिस रिपोर्ट मागतं आणि सुपरवायझर म्हणून मधल्या मध्ये शिव्या मी खाते. इतकी वर्षं हे केल्यावर माणसाला जिवंत माणसांचीच इतकी धास्ती बसते, की मेलेल्यांना घाबरायचं राहूनच जातं. तरीही हा अनुभव इथे लिहितेय, कारण घरात सांगितला तर नवरा म्हणतो, "तुला विश्रांतीची गरज आहे." ती तर आहेच, पण त्याचा इथे काही संबंध नाही.

गोष्ट पहिल्या लॉकडाउनमधली. चिंचणीला हिराबाय नावाची आमची एक पेशंट होती. मासेमारीवाल्यांचं घर, नवरा वारलेला, एकुलता मुलगा प्रदीप मस्कतला नोकरीला. अर्धांगवायूने हिराबायची उजवी बाजू पूर्ण गेली होती. उजवा हात म्हणजे नुसतं ओझं, कपडे बदलताना दोन हातांनी उचलावा लागायचा. बोलणंही दोन-चार शब्दांचं. तिला भरवायचं, पुसायचं, आणि थोड्या थोड्या वेळाने कुशीवर वळवायचं. नाही वळवलं तर पाठीला जखमा होतात, आणि त्या एकदा झाल्या की माणूस आटोपतंच म्हणा.

तिच्याकडे दोघी आळीपाळीने राहायच्या, एक आठवडा सरावलीची सुनीता, एक आठवडा पालघरजवळच्या पाड्यावरची मंदा. रविवारी सकाळी बदली.

आता आमच्या कामातली एक रीत सांगायला हवी. ही कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवलेली नाही, बायकांनीच पाडलेली आहे. ड्यूटी संपली की जाणारी बाई पेशंटचा हात उचलते आणि येणारीच्या हातात देते. "हात दिला" म्हणजे माणूस सोपवलं. बदली आल्याशिवाय कुणी घर सोडत नाही. मला सुरुवातीला हे नाटकी वाटायचं, पण त्यामुळे एकही पेशंट कधी एकटा पडला नाही, म्हणून मी गप्प बसायचे.

कोरोना आला आणि मुख्य ऑफिसातून फतवा निघाला — दोन अटेंडंट एका खोलीत येता कामा नयेत. जाणारीने कुलूप लावून चावी ठरल्या जागी ठेवायची, येणारीने तासाभराने यायचं. मी फोनवर भांडले. "अहो, एक आलीच नाही तर दुसरीला कळणार कसं?" तर म्हणे, "मॅडम, त्यासाठी व्हॉट्सॲप ग्रुप आहे ना!" सत्तेपुढे शहाणपण चालत नाही, हे कळायला कोरोना कशाला हवा होता.

तो ग्रुप! त्यात काढ्याच्या कृती, गुड मॉर्निंगची गुलाबं, वाफ घेणाऱ्या बाळाचा व्हिडिओ, आणि त्या सगळ्या गाळात कुठेतरी कामाचं. आम्हाला "सपोर्ट" म्हणून मुख्य ऑफिसने काय दिलं विचाराल तर — आम्ही हातमोजे मागितले, आम्हाला वेबिनार मिळाला. "काळजी घेणाऱ्यांची काळजी." रोज दुपारी झूमवर एक गोड आवाजाची बाई सांगायची, डोळे मिटा, श्वास आत घ्या, तुमच्या आवडत्या समुद्रकिनाऱ्याची कल्पना करा. माझ्या बायका ओढणीचा मास्क करून लोकांचं गू-मूत काढत होत्या आणि मी इथे किनाऱ्याची कल्पना करत होते. हजेरी सक्तीची होती, हेही सांगून ठेवते.

त्या बुधवारीही मी डोळे मिटूनच बसले होते. सुनीताचा फोन आला. "ताई, आमची बिल्डिंग सील केली. बांबू ठोकलेत. या रविवारी मला येता यायचं नाय. मंदाला सांगा, पुढचा आठवडा तूच थांब."

मी मंदाला फोन लावला. खूप वेळाने तिने उचलला, आवाज एकदम खोल गेलेला.

"मंदा, तुला पुढचा आठवडाही तिथेच थांबावं लागेल."

"तिथं म्हंजे कुठं, ताई?"

"हिराबायकडे, आणखी कुठे!"

"ताई... मी घरीच हाय. रविवारी पहाटेच ताप आला. ग्रुपवर टाकलं होतं मी. तुमी अंगठा दिला की."

मी ग्रुप वर सरकवत गेले. हळदीच्या दुधाचे फायदे सांगणाऱ्या लांबलचक फॉरवर्डखाली मंदाचा मेसेज होता, "ताप आहे येत नाही". त्याच्या वर सुनीताचा, "कुलूप लावून निघाले". अंगठा मी सुनीताला दिला होता. मंदाला वाटलं तिला दिला, म्हणजे ताईंनी दुसरी सोय केली. सुनीताला वाटलं मंदा पोचली. मला वाटलं सगळं सुरळीत आहे. आणि हिराबाय रविवारपासून कुलूपबंद घरात एकटी.

लॅपटॉपवर ती बाई अजून सांगत होती, श्वास सोडा. मी तिच्या तोंडावर लॅपटॉप मिटला.

हिराबायच्या उशाशी प्रदीपने घेऊन ठेवलेला मोबाइल असायचा. त्यावर फोन केला. वाजून वाजून बंद झाला. उचलणार कोण? मी स्कूटर काढली. नाक्यावर पोलिसाने अडवलं.

"कुठे?"

"पेशंटकडे. हा पास."

"पेशंट कुठे आहे?"

"अहो, पेशंटकडेच चाललेय. डिकीत घालून फिरते का मी पेशंट?"

त्याने पास उलटा करून, सुलटा करून, प्रकाशात धरून पाहिला. एरवी मी आणखी वाजवलं असतं, पण त्या दिवशी मी सरळ हात जोडले. सोडलं त्याने. रिकाम्या रस्त्यावरून जाताना मी आधी मंदाला शिव्या घातल्या, मग सुनीताला, मग मुख्य ऑफिसला, मग कोरोनाला. नंतर शिव्या संपल्या आणि मी रडायला लागले. खरं सांगते, मी मेलेलं माणूस बघायलाच चालले होते. प्रदीपला कुठल्या तोंडाने फोन करायचा, एवढंच डोक्यात होतं.

भर दुपारची वेळ होती. गल्लीत चिटपाखरू नाही. दाराला कुलूप तसंच, चावी मीटरच्या डब्यामागे ठरल्या जागी. वास येईल म्हणून मी मास्कवर पदर दाबला आणि दार उघडलं.

वास आला. डेटॉलचा आणि तांदळाच्या पेजेचा.

हिराबाय डाव्या कुशीवर, दाराकडे तोंड करून निजली होती. पाठीला उशी लावलेली. केस तेल लावून विंचरलेले. अंगात धुतलेला गाऊन. मी आधी तिचा हात हातात घेतला — त्या हाताबद्दल शेवटी सांगते. मग मास्क, पदर सगळं विसरून तिला पालथी घातली आणि पाठ बघितली, कंबर बघितली, टाचा बघितल्या. एक लाल ठिपका नाही. मागच्या पडवीत दोरीवर चादर वाळत होती, ओली, अजून पाणी गळत होतं. मोरीत पेजेचं पातेलं घासून पालथं घातलेलं. पडवीच्या दाराला आतून कडी.

जीव भांड्यात पडला म्हणतात तो पडला, आणि पुढच्याच क्षणी माझं टाळकं सटकलं. म्हणजे कुणीतरी होतं! आणि मला कुणी सांगितलं नाही!

"हिराबाय, कोण होतं इथे?"

"बाय," ती म्हणाली.

"कोण बाय?"

"ती."

आता चिंचणीत लहान पोरीपासून म्हातारीपर्यंत प्रत्येक जण बायच. "मंदा होती का?" तिने मान हलवली, नाही. "सुनीता?" नाही. "मग कोण?" तर तिने कंटाळून डोळेच मिटले. मी रोज ज्या तऱ्हेने झूमवर मिटायचे, अगदी तसे.

बाहेर येऊन समोरच्या घरातल्या रंजनाबायला हाक मारली. त्यांचंही घर सील होतं, ती खिडकीतूनच बोलली.

"तुमचीच बाय होती ना! कपडे आपटल्याचा आवाज यायचा, कुकरच्या शिट्ट्या आयकल्या. म्हनून आमी निर्धास्त. पन काय तोंडाची बाय धाडलीत ओ तुमी!"

"म्हणजे?"

"आधीच्या दोघी कशा गोड बोलायच्या. हिचं आपलं सारखं चालू — आ कर, आ कर, मला काय दिसभर हेच काम नाय. वल इकडं, दगड झालीस नुसती. पन काम चोख हां! हिराबायनं एकदा पन कन्हलेलं आयकलं नाय."

"तुम्ही पाहिलंत तिला?"

"नाय ओ," ती म्हणाली, "आता तुमी इचारताय तर... पायलं नाय."

तेवढ्यात आत मोबाइल वाजला. प्रदीपचा व्हिडिओ कॉल होता. मी उचलला तर तो गोंधळला. "ताई, तुम्ही कधी आलात? ती आधीची ताई गेली का?"

"कुठली आधीची?"

"आत्ताच बोलत होतो ना. रविवारपासून ज्या आहेत त्या. रोज दुपारी त्याच फोन धरतात. दिसल्या नाहीत कधी, कॅमेरा आईकडेच असतो, अंगठा आणि हिरवी बांगडी तेवढी दिसते. मी म्हटलं, ताई, जरा डावीकडे धरा. तर म्हणाल्या, दिसते ना आय? मग झालं." तो हसला. "आज मधेच म्हणाल्या, बदली येतेय माझी, ठेव आता. म्हणून परत लावला. मला त्यांचे आभार मानायचे होते."

मी निघालेय हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. सुनीताला नाही, मंदाला नाही, ऑफिसला तर नाहीच.

"सांगते तिला," एवढंच मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

त्या रात्री मी तिथेच राहिले. पुढे चार दिवस राहिले, नवी बाई मिळेपर्यंत. काहीही झालं नाही. भांडं पडलं नाही, दार वाजलं नाही. हिराबाय मात्र माझ्या हातून जेवताना नाक मुरडायची, म्हणजे तिला ती तोंडाळ बाईच बरी वाटली होती.

नंतर मी छडा लावायचा प्रयत्न केला. तुम्हाला काय वाटलं, सोडून दिलं मी? चाव्या तीनच होत्या — एक डब्यामागे, एक माझ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, एक प्रदीपकडे मस्कतला. गल्लीच्या तोंडाशी बांबू बांधलेले, माझी स्कूटरसुद्धा बाहेर ठेवावी लागली होती. गावातली एक एक बाई विचारून झाली. मी मंदाला म्हटलं, "तू गेली होतीस, हो म्हण. कुणी रागावणार नाही, उलट शाबासकी मिळेल." ती रडकुंडीला आली. "ताई, मला संडासपर्यंत चालवत नव्हतं ओ. न केलेल्या कामाला हो कशी म्हनू?"

इथेच माझं डोकं फिरतं. काम न करता केलं म्हणणाऱ्यांत माझी उभी हयात गेली. काम करून नाव न सांगणारं कुणी मला आजवर भेटलं नव्हतं, आणि भेटलं तेव्हा ते सापडेना! मुख्य ऑफिसला कळलं तेव्हा त्यांनी काय विचारावं? "त्या बाईने पीपीई घातला होता का?"

रंजनाबाय म्हणते, हिराबायची सासू होती ती. फार फटकळ होती म्हणे, कायम हिरवा चुडा. आता सासू मेल्यावर येऊन सुनेचं गू-मूत काढते हे मान्य करायचं, तर आधी जिवंतपणी काढणारी एखादी दाखवा मला. हिराबायला विचारलं तर ती फक्त डोळे मिटायची. नंतर दोनेक वर्षांनी ती गेली, झोपेत, शांतपणे. तेव्हा मंदा तिच्याजवळ होती.

फतवा मात्र मी त्याच आठवड्यात मोडला. मास्क लावा, दारं-खिडक्या उघडा, लांबून बोला, पण हात दिल्याशिवाय कुणी घर सोडायचं नाही, असं माझ्या बायकांना सांगितलं. ऑफिसने नोटीस दिली, मी ती ठेवून घेतली. कोरोना गेला, वेबिनार गेले, गोड आवाजाची बाई कुठे गेली देव जाणे, हातमोजे अजून वेळेवर येत नाहीत. पण आजही नवीन मुलींना मी पहिल्या दिवशी हेच शिकवते, आणि का ते सांगत नाही.

आता तो हात.

मी दार उघडलं तेव्हा हिराबायचा उजवा हात खाटेबाहेर होता. लोंबत नव्हता. दाराच्या दिशेने, माझ्याकडे, सरळ पुढे, हवेत धरलेला होता — तो लुळा हात, जो तिला बोटभरही उचलता यायचा नाही. मी काही विचार न करता पुढे होऊन तो हातात घेतला. घेतला आणि त्याचं सगळं वजन एकदम माझ्या हातात आलं... दुसऱ्या बाजूने कुणीतरी सोडल्यावर येतं ना, तसं. तळवा कोमट होता, ओलसर होता, नुकतीच चादर पिळून आलेल्या कुणाच्या हातात इतका वेळ असावा असा.

हे नवऱ्याला सांगितलेलं नाही, मंदालाही नाही. कोण होती, कुठून आली, कशी गेली, मला आजही माहीत नाही, आणि ज्यांना माहीत आहे असं वाटतं त्यांनी कृपया मला अंगाऱ्याचे पत्ते पाठवू नयेत. मला एवढंच माहीत आहे, की तीन दिवस आम्हा सगळ्यांना वाटत होतं तिथे कुणीतरी आहे, आणि होतं. जी कुणी होती ती वैतागलेली होती, तोंडाची फटकळ होती. पण बदली येईपर्यंत तिने घर सोडलं नाही.