गाडी मीच काढते

पुंडलिकनगरमधल्या आमच्या गल्लीला तोंड एकच. दुसऱ्या टोकाला भिंत आहे आणि तिला लागून आमचं घर. गाडी आत येते ती सरळ. बाहेर काढायची ती मागे मागे, अख्खी गल्ली, दोन्ही बाजूंना लावलेल्या स्कूट्या, तुळशीच्या कुंड्या आणि उन्हात पसरलेले कुणाचे तरी पापड सांभाळत. बाबांनी मला गाडी शिकवली ती इथेच, सकाळी लोक उठायच्या आत. त्यामुळे दोन गोष्टी झाल्या. सरळ जाण्यापेक्षा मागे जाणं मला जास्त चांगलं येऊ लागलं. आणि हॉर्न वाजवायची सवय लागलीच नाही. लोक झोपलेत, बाबा म्हणायचे, आणि माझा हात मागे यायचा.

लायसन्स मिळालं तरी क्रांती चौकाच्या पुढे मी गाडी नेली नव्हती. मैत्रिणींबरोबर कुठे जायचं म्हटलं की मी मागच्या सीटवर, खिडकीपाशी. गाडी कुणाची, रस्ता कुठला, थांबायचं कुठे, हे पुढे बसलेल्यांनी ठरवायचं. मला ते सोयीचं होतं. मागून सगळं नीट दिसतं आणि बोलावं लागत नाही.

आम्ही तिघी. एक शाळेपासूनची, इंग्रजी शाळेत माझ्याच बाकावर बसणारी. ती भावाची जीप चालवते, बुलेट चालवते, आणि माझ्या वाटचंही तीच बोलते. दुसरी कॉलेजात भेटलेली, खुलताबादकडच्या शेतकरी घरातली, इथे खोली करून राहणारी. तिच्या मामांचं शेत म्हैसमाळच्या डोंगराखाली आहे. शाळेच्या मैत्रिणीने तंबू मागवला, तेव्हा कॉलेजच्या मैत्रिणीने ते शेत देऊ केलं. दिवाळी होऊन गेली होती, थंडी सुरू झाली होती, एक रात्र तिथे काढायची असं ठरलं. आणि ऐनवेळी भावाची जीप गॅरेजमध्ये गेली.

रात्री जेवताना मी बाबांना गाडी मागितली. मागितल्यावर माझं मलाच आश्चर्य वाटलं. आई वाढता वाढता थांबली. बाबांनी घास संपवला आणि म्हणाले, "ने. पण चालवायची तू. दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची नाही. नाही जमलं तर असशील तिथून परत ये. आणि दिलीस असं कळलं, तर पुन्हा मागू नकोस."

बाबा एवढंच बोलतात, आणि बोलले ते पाळतात. म्हणजे ही सहल माझ्या हातून पार पडली तरच पुढची होणार होती. नाहीतर मागची सीट आणि खिडकी, कायमची.

निघालो तेव्हा भीती कमी आणि आनंद जास्त होता. मागे तंबू, सतरंज्या, मॅगीची पाकिटं, आईने बळेच दिलेला धपाट्यांचा डबा. छावणी मागे पडली, शहराची घरं विरळ झाली आणि मी पहिल्यांदा चौथा गिअर टाकला. आमच्या गल्लीत दुसऱ्याच्या पुढे काम पडत नाही. शाळेची मैत्रीण शेजारी बसून टाळ्या वाजवायला लागली. मागची म्हणाली, आता पाचवा टाक, मी तुझ्या घरी फोन करून सांगते. समोर देवगिरीचा किल्ला वर वर येत होता. एरवी मी तो बाजूच्या खिडकीतून पाहिलेला. समोरच्या काचेतून तो वेगळाच दिसत होता, जणू मीच त्याला जवळ ओढून आणत होते.

दौलताबादला रस्ता जुन्या कोटाच्या दरवाज्यातून जातो. दरवाजा एवढा अरुंद की एका वेळी एकच गाडी. इथे सिग्नल नाही, पोलीस असतीलच असंही नाही. रिवाज असा, की आत शिरण्याआधी हॉर्न द्यायचा, पलीकडून उत्तर आलं तर थांबायचं. हे सगळ्यांना ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं, कारण कितीदा तरी मी मागे बसून ते ऐकलं होतं. पण वाजवायची वेळ आली तेव्हा हात स्टिअरिंगवरच राहिला. मी नुसतीच आत शिरले.

अर्ध्यात गेले तर समोरून पर्यटकांची मिनीबस. तिने हॉर्न दिला होता म्हणे, पण मला तो माझ्यासाठी आहे असं वाटलंच नाही. तिच्या मागे जीप, जीपच्या मागे आणखी गाड्या. माझ्या मागे मोटारसायकली येऊन चिकटलेल्या. सगळे एकदम वाजवायला लागले. दगडी कमानीत तो आवाज असा घुमत होता की डोकं बधिर व्हावं. मिनीबसचा ड्रायव्हर हात बाहेर काढून मागे जा, मागे जा करत होता.

शाळेच्या मैत्रिणीने माझ्या हातावर हात ठेवला.

"उतर. तू इकडे ये, मी घेते मागे. काकांना कोण सांगणारंय?"

खरंच कुणी सांगणार नव्हतं. माझा अंगठा सीटबेल्टच्या बटणावर गेला होता. ती माझ्यापेक्षा कितीतरी चांगली चालवते, हेही खरं होतं. पण आरशात पाहिलं, तर दोन्ही बाजूंना भिंती, मागे उभ्या मोटारसायकली, आणि मधून जेमतेम गाडीपुरती वाट. ही तर आमची गल्ली होती. फक्त पापड नव्हते.

"नको," मी म्हटलं. "हे मला येतं."

बाहेर पेरूची पाटी घेऊन बसलेले एक चाचा उठून आले. त्यांनी मोटारसायकलवाल्यांना हाताने बाजूला सारलं आणि माझ्या खिडकीशी वाकून म्हणाले, "घबराव नक्को बेटा. आराम से लेव. इनों बजाते रहते."

मी घेतली. मान वळवली, डावा आरसा, उजवा आरसा, क्लच अर्धा, बाबा सांगतात तसं गाडीला नव्हे, भिंतीला बघत. एकदाही थांबावं लागलं नाही. कमानीतून बाहेर येऊन मी गाडी पेरूच्या पाटीपाशी बाजूला घेतली आणि मिनीबस निघून गेली. जाता जाता ड्रायव्हरने मान वाकडी करून आत कोण आहे ते पाहिलं. मग शाळेची मैत्रीण म्हणाली, "तू खुलताबादपर्यंत अशीच उलटी चल. आपण लवकर पोचू."

मग आम्ही तिघी इतक्या हसलो की चाचांनी पेरू कापून, तिखटमीठ लावून खिडकीतून दिले आणि पैसे परतीच्या वेळी द्या म्हणाले. दुसऱ्यांदा दरवाज्यात शिरण्याआधी मी हॉर्न वाजवला. तो अगदीच बारीक वाजला, पण वाजला. घाटात प्रत्येक वळणावर वाजवला, गरज नसलेल्या वळणावरसुद्धा.

खुलताबादच्या पुढे डांबरी सोडून पाणंदीला लागलो. मामा बाजाराला गेले होते. फोनवर म्हणाले, शेत आपलंच आहे, मी येतोच. आम्हाला वाटलं, आपलंच आहे म्हणजे झालं. मका काढून रिकामं झालेलं एक मोठं सपाट रान होतं. मामांच्या घरापुढच्या अंगणापेक्षा ते कितीतरी सुंदर, समोर डोंगर, मध्ये कसला अडथळा नाही. मी बांधाच्या फटीतून गाडी थेट रानाच्या मधोमध नेली. तंबू उभा करताना एक काठी उलटी घातली गेली आणि तो म्हशीसारखा एका कुशीवर बसला, तो काढून पुन्हा लावला. मक्याची धसकटं सतरंजीतून टोचत होती. तरी आम्ही त्यावर पडून राहिलो आणि ऊन डोंगरावरून सरकत जाताना पाहत राहिलो. शाळेची मैत्रीण चक्क गप्प होती.

उन्हं कलली तेव्हा आधी आवाज आला, वाळूची गाडी रिकामी होत असल्यासारखा. मग बांधाच्या फटीतून मेंढ्या आत यायला लागल्या. येतच राहिल्या. पुढे काठी घेतलेली एक बाई, मागे सामान लादलेलं घोडं, त्यावर बांधलेली दोन कोकरं, कुत्री, आणि शेवटी एक फेटेवाले म्हातारबाबा. बघता बघता अर्धं रान पांढरं-काळं झालं आणि आमची गाडी आणि तंबू त्याच्या मधोमध.

तेवढ्यात मामा मोटारसायकलवरून आले आणि आम्हाला पाहून बांधावरच थांबले. मग उलगडा झाला. रान रिकामं झालं की खतासाठी मेंढरं बसवतात. रात्रभर कळप एका रानात बसतो, त्याच्या लेंड्यामुतानं जमीन सुधारते, आणि मेंढरंवाल्यांना बदल्यात धान्य मिळतं. मामांनी हे रान त्या रात्रीसाठी केव्हाच बोलून ठेवलं होतं. शहरातल्या पोरी घरापुढच्या अंगणात तंबू लावतील असं ते धरून चालले होते. पोरी धसकटात जाऊन झोपतील हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

मेंढरंवाली बाई कमरेवर हात ठेवून आमच्याकडे बघत होती.

"काय वो पाटील," ती मामांना म्हणाली, "ह्या पोरी बी बसवल्या का रातीला? ह्यांचं खत नाय पडायचं."

मामा हसून हसून बांधावर बसले. त्यांची भाची लाजेने लाल. शाळेच्या मैत्रिणीने मला हळूच विचारलं, खत म्हणजे तेच ना?

तंबू सोपा होता. बाई म्हणाली उचला तसाच, म्हणून दोघी मैत्रिणींनी तो उभाच्या उभा छत्रीसारखा उचलला आणि मेंढ्यांवरून बांधापर्यंत नेला. एक कुत्रं शेवटपर्यंत तंबूला भुंकत गेलं. प्रश्न गाडीचा होता. तिच्या चारी बाजूंनी मेंढ्या दाटल्या होत्या. एकदा कळप बसला की उठवायचा नाही, आणि गाडी राहिली तर कोकरं चाकांखाली शिरून बसतात. निघायचं तर आत्ताच. मामांनी हात पुढे केला.

"चावी दे बाई. तुला नाय जमायचं, मी काढतो. एखादं मेंढरू गेलं चाकाखाली तर उगा भांडण."

ते मोठे होते, शेत त्यांचं होतं, आणि बोलत होते ते खरंच होतं. मोठ्यांना नाही म्हणण्याची मला मुळीच सवय नाही. चावी माझ्या मुठीत होती. मी ती तशीच घट्ट धरली.

"मामा, गाडी मीच काढते. बाबांना तसं कबूल करून आलेय."

मामांनी मेंढरंवालीकडे पाहिलं. तिने मला खालून वर न्याहाळलं. "काढू द्या की," ती म्हणाली. "पोरी, हारन नको वाजवू. थांबू बी नको. मी पुढं चालते, माझ्या मागं मागं ये."

पहिला गिअर, क्लच अर्धा. ती पुढे चालत होती, जिभेने टाळूवर टकटक करत, काठी नुसतीच आडवी धरून. मी तिच्या पाठीवर डोळे लावले. मेंढ्या बंपरपाशी येईपर्यंत हलत नव्हत्या, मग पाण्यासारख्या दोन्हीकडे सरकत होत्या आणि मागे पुन्हा मिळत होत्या. दाराला लोकर घासल्याचा आवाज येत होता. काच उघडी होती, आत धूळ, लोकरीचा वास, एका मेंढीचं नाक थेट माझ्या कोपरापाशी. मला मोठ्याने ओरडावंसं वाटत होतं, आनंदाने. पण ओरडायचं नव्हतं, म्हणून मी नुसती हसत होते, एकटीच. एवढ्या हळू गाडी मी गल्लीतही चालवली नव्हती आणि एवढी मजा चौथ्या गिअरमध्येही आली नव्हती.

फटीतून बाहेर पडल्यावर बाई खिडकीशी आली. "बापानं शिकवलं व्हय?"

व्हय, मी म्हटलं.

"ब्येस शिकवलं," ती म्हणाली आणि कळपाकडे गेली.

रात्रीचं जेवण त्यांच्या चुलीपाशी झालं. आम्ही आईचे धपाटे दिले, त्यांनी बाजरीची भाकरी आणि झणझणीत ठेचा दिला. मॅगी म्हातारबाबांनी चाखली आणि कुत्र्यापुढे ठेवली. कुत्र्यानेही विचार करून खाल्ली. मामा घरात झोपा म्हणत होते, आम्ही ऐकलं नाही. बांधाच्या या बाजूला तंबू आणि त्या बाजूला सगळा कळप, आडवा झालेला, एकसारखा श्वास घेणारा.

झोपायच्या आधी शाळेच्या मैत्रिणीने नकाशा काढला. इथवर आलोय तर उद्या घरी कशाला, कन्नडवरून गौताळ्याच्या जंगलात जाऊ, एक रात्र आणखी. आणि मग तिने पहिल्यांदाच मला विचारलं, "नेशील ना?"

मी बांधावर चढून बाबांना फोन लावला. दरवाजा सांगितला, मिनीबस सांगितली, मेंढ्या सांगितल्या, मामांनी चावी मागितली ते सांगितलं. मी एका दमात एवढं कधी बोलले नव्हते. शेवटी मी कन्नडचं विचारलं.

पलीकडे आई काहीतरी विचारत होती, ते ऐकू येत होतं.

"पेट्रोल किती आहे?" बाबा म्हणाले.

"अर्ध्याच्या वर."

"कन्नडला भर. आणि त्या रस्त्यावर उसाच्या गाड्या असतात, घाईने ओव्हरटेक करू नकोस."

खाली दोघी तंबूतून डोकं बाहेर काढून माझ्याकडे बघत होत्या. मी अंगठा वर केला, आणि कळपातलं एकही मेंढरू जागं होऊ नये म्हणून त्या दोघींनी तोंडावर हात दाबून, आवाज न करता, तंबू हलेपर्यंत नाच केला.