मीरासाबच्या तोंडातली चांदी

हुपरीत मशिदीमागल्या गल्लीत मीरासाब राहायचा. गाव त्याला निळा मीरासाब म्हणायचं, आणि ते काही उगीच नव्हे. चाळिशी उलटली तशी त्याच्या तोंडावर विझल्या शेगडीतल्या राखेसारखी निळसर झाक आली. सदरा काढला की आतलं अंग गव्हाळच. उघड्यावर पडणारं तेवढं काळवंडलेलं. गाव म्हणायचं, करणी झाली. त्याची बायको ताजबी म्हणायची, उन्हानं झालंय. खुद्द मीरासाब काहीच म्हणायचा नाही, कारण दिवसभर त्याचं तोंड कामात गुंतलेलं.

काम पैंजणांच्या कड्या सांधायचं. त्याला लागणारे चांदीचे बारीक तुकडे, म्हणजे डाक, गालफडात धरून ठेवायची. जिभेनं एकेक तुकडा पुढं आणायचा, थुंकीनं ओला करून सांध्यावर बसवायचा आणि मग फुंकणीनं दिव्याची ज्योत त्यावर मारायची. मामानं असंच शिकवलं होतं. पहिल्या वर्षी बोटं पोळली, मग त्यांना घट्टे पडले, आणि पुढं पुढं मीरासाब चिमट्याशिवाय निखारा सरकवू लागला. याचा त्याला भारी अभिमान. "अंगवळणी पडलं की आग बी थंड लागती," असं तो सांगायचा. तोंडाचा रंगही त्यानं त्याच हिशेबात धरला होता. कामानं दिलंय ते कामच सांभाळून घेईल, एवढाच त्याचा विचार.

कोल्हापूरच्या महाराजांनी सक्तीच्या शिक्षणाचा हुकूम काढला, त्याच्या पुढल्या साली मीरासाबच्या मुलीला, जरीनाला, स्थळ आलं. बापाच्या हाताखाली पोरगी अशी तयार झाली होती की तिचा सांधा भिंग लावून शोधावा लागे. स्थळ कागलच्या लालासाबच्या मुलाचं. लालासाबनं नुकताच चांदीचा कारखाना काढला होता, घरात खायला-प्यायला भरपूर. इतकं चांगलं स्थळ गल्लीत कुणाच्याच पोरीला आलं नव्हतं, आणि मीरासाबचा सगळा जीव त्यात अडकला.

पोरगी बघून झाली. चहा घेताना लालासाबनं मीरासाबकडं नीट पाहिलं आणि कपबशी खाली ठेवली.

"पावणं, राग मानू नका. पोरगी पसंत हाय. पर ह्यो महारोग असंल तर सोयरीक न्हाय जमायची."

मग लालासाबनंच तोड काढली. कोल्हापुरात भवानी मंडपामागं एक डॉक्टर होते. दोघांनी मिळून जायचं, डॉक्टर म्हणतील ते खरं.

चार दिवसांनी लालासाबच्याच बैलगाडीतून दोघे गेले. डॉक्टरांनी मीरासाबच्या हाताला सुई टोचली. तो कळवळला.

"लागतंय ना? मग महारोग नव्हे. काम काय करता?"

मीरासाबनं सांगितलं. डॉक्टरांनी त्याचं तोंड उघडायला लावलं, काळ्या पडलेल्या हिरड्या पाहिल्या आणि म्हणाले, "शरीर सोशीक असतं. पोळलं की कातडी जाड करून घेतं. पण नको ते आत शिरलं आणि बाहेर टाकता आलं नाही, तर ते साठवून ठेवतं. तुमच्या कातडीत चांदी साठलीय. उन्हानं ती काळी पडते."

"निघंल का?"

"नाही. कुणाला लागायची नाही, मुलांत उतरायची नाही. पण जो असा वर्षानुवर्षं चांदी तोंडात धरील, त्याचं कधी ना कधी हेच व्हायचं."

बाहेर येताच लालासाबनं मीरासाबला मिठी मारली. परतीच्या वाटेवर गाडी हाकता हाकता तो लग्नाचं बोलू लागला आणि बोलता बोलता कारखान्यावर आला. सून घरात आली की डाकेचं सगळं काम तिच्याकडंच द्यायचं, असं त्यानं ठरवून टाकलं होतं.

"कामाला ना न्हाय," मीरासाब म्हणाला. "पर ती डाक तोंडात धरणार न्हाय. वाटीत ठिवंल, चिमट्यानं लावंल."

"त्यानं निम्मंच काम हुईल की. समदीच तोंडात धरत्यात."

"माझ्या तोंडाकडं बघून बोला."

लालासाब बैलांकडंच बघत राहिला. माणूस लबाड नव्हता. म्हणाला, "मी खोटं कशाला बोलू? मला कामाची सून पायजे. तुमची अट मला झेपायची न्हाय."

"मग ऱ्हाऊ द्या."

मीरासाब तिथंच गाडीतून उतरला आणि चालू लागला. ज्या एका शब्दासाठी कोल्हापूर गाठलं तो मिळाला होता, आणि हाताशी आलेलं स्थळ त्यानं स्वतःच घालवलं होतं. त्याला फार वाईट वाटलं. दोनदा मागं फिरावंसंही वाटलं.

ताजबी दारातच होती. "काय म्हणलं डाक्टर?"

"महारोग न्हाय."

"मग ठरलं म्हणा की."

"मोडलं. म्या मोडलं."

ताजबी तिथंच उंबऱ्यावर बसली. मीरासाब तिच्या बाजूनं आत गेला. जरीना दिव्यापुढं कामात होती, एक गाल फुगलेला.

"थुक," तो म्हणाला आणि तिच्यापुढं हात धरला.

तिनं डाकेचे तुकडे त्याच्या तळहातावर टाकले. त्यानं दिवा वर उचलून तिचा ओठ बाजूला सारला. हिरड्या लाल होत्या, अगदी स्वच्छ लाल. मीरासाबच्या जिवात जीव आला.

"ऊठ," तो म्हणाला. पैंजण उद्या द्यायचे होते. त्यानं तळहातावरचे तुकडे आपल्या तोंडात टाकले आणि तिच्या जागेवर बसला.