नागपूरचा सूर्य, लखनौचं लग्न

मला वेळ पाळायला आवडतं, पण वेळेपुढे नाक घासायला आवडत नाही. हे सासऱ्यांना लग्नाआधीच कळलं, ते बरं झालं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. दोन्ही घरं नागपूरकडची, बौद्ध, सरकारी नोकरीपायी लखनौला आलेली. मी कॉलेजात फिजिक्स शिकवत होते. लग्न मे महिन्यातल्या एका रविवारी, निशातगंजच्या हॉलमध्ये ठरलं होतं. वेळ दुपारची, कारण आई इस्पितळात नर्स. तिला रजा मिळाली नव्हती आणि ड्यूटी दोनला सुटायची.

आठवडाभर आधी होणारे सासरे आले. चहा संपेपर्यंत इकडचं तिकडचं बोलले, मग म्हणाले, "लग्न सकाळी साडेदहाला उरकू. मुहूर्त चांगला आहे. मोहल्लेवाले मुहूर्त विचारतात, काय सांगू त्यांना?"

"आई तेव्हा वॉर्डात असेल," मी म्हटलं.

"त्या मागाहून येतील. आशीर्वाद काय, केव्हाही देता येतो."

माझं टाळकंच सरकलं. मुहूर्त काढला कुठून, तर दरवर्षी गावाहून येणाऱ्या नागपूरच्या पंचांगातून! धम्म घेतला तेव्हा पंचांग सुटलं, पण यांच्या भिंतीवरून खिळा काही निघाला नव्हता.

मग मी वर्गच घेतला. पूर्वी घटका सूर्योदयापासून मोजायचे. तळाला भोक असलेली वाटी पाण्यात सोडायची, ती बुडाली की एक घटका. गावागणिक सूर्योदय वेगळा, म्हणून वेळही ज्याची त्याची. पुढे रेल्वे आली, देशभर एकच घड्याळ लागलं; सूर्याने मात्र ते मानलं नाही. मेमध्ये लखनौला तो नागपूरच्या पाव तास आधी उगवतो. "काका, तुमचा मुहूर्त नागपूरचा आहे. इथे लागूच होत नाही."

जिंकले, असं वाटलं. त्यांचा चेहरा उजळला. "अच्छा! मग सव्वादहाला करू."

कपाळ माझं!

"काका," मी म्हटलं, "मुहूर्त आपण सोडला तो गणित चुकलं म्हणून नव्हे. घड्याळ नागपूरचं लावा नाहीतर काशीचं, आई आल्याशिवाय मी उभी राहणार नाही. पटत नसेल तर लग्न मोडा."

ते चपला घालून निघून गेले. मी ताठ बसून राहिले, पण नजर दारावर होती. मुलगा मला मनापासून आवडला होता.

रविवारी दुपारी वऱ्हाड आलं. दोन वाजून गेले तरी आईचा पत्ता नव्हता. उन्हात सासरे हॉलच्या दाराशी उभे होते. त्यांच्या मोहल्ल्यातल्या एकाने विचारलं, "भाईसाहब, मुहूर्त कब का है?"

मी आतून कान टवकारले.

"समधन आ जाएँ, तब का," रस्त्यावरची नजर न हलवता ते म्हणाले.

थोड्या वेळाने रिक्षा थांबली. आई उतरली ती ड्यूटीच्या पांढऱ्या साडीतच, नाडी मोजायचं घड्याळ छातीवर उलटं लटकलेलं. आमच्यात नवरीही पांढऱ्यातच असते.

मी उभी राहिले.