माळवदे सरांचा वसंत

आंग मो किओ या उपनगरातल्या इंडस्ट्रियल पार्कमधल्या ऑफिसात मी रुजू झाले, त्या दिवशी लिफ्टमध्ये एक गृहस्थ भेटले. अंगात राखाडी स्वेटर, डोक्याला लोकरीची कानटोपी. बाहेर बत्तीस डिग्री. माझ्या गळ्यातल्या कार्डावरचं आडनाव त्यांनी वाचलं आणि सरळ मराठीत म्हणाले, "पुण्याच्या का? बरं. या लिफ्टला काय वास मारतोय बघा. लेमन म्हणे. शी!"

हे डॉ. माळवदे. पुढच्या दोन वर्षांत ही 'शी' मी दिवसातून दहा वेळा ऐकली. कॉफीच्या मशीनला शी, 'आपण एक कुटुंब आहोत' लिहिलेल्या भिंतीला शी, खालच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या गाळ्यांवर गोड रश्शात पोहणाऱ्या कोबीला शी. सुरुवातीला मला वाटायचं, माणूस किरकिऱ्या आहे. आता वाटतं, त्या इमारतीत नाक शाबूत असलेला तो एकटाच होता.

आमची कंपनी तणनाशकं बनवायची. सरांकडे काम होतं शुगरबीटचं. शुगरबीट म्हणजे कोशिंबिरीतलं लाल बीट नव्हे. थंड देशांत साखरेसाठी लावतात तो पांढरा, ओबडधोबड कंद. सर स्वतः सांगलीकडचे, उसाच्या मुलखातले, पण सगळी हयात बीट आणि त्यातल्या तणात गेलेली. थंड देशातल्या पिकाची चाचणी विषुववृत्तापाशी कशाला, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "कारण इथे वसंत विकत मिळतो. बटण दाबलं की चालू."

तिसऱ्या मजल्यावर जाड दाराची एक थंड खोली होती. आत पहाटेचे चार अंश, दुपारचे नऊ, मंद उजेड आणि वरून पाण्याची बारीक फवारणी. खोलीचं नावच त्यांनी 'वसंत' ठेवलं होतं. तिथे ट्रेमध्ये बीटची दोन-दोन पानांची रोपं आणि त्यांच्या शेजारी मुद्दाम पेरलेलं तण. सर तासन्‌तास आत असत, म्हणून ती कानटोपी. आणि बाहेर आल्यावर काढ-घाल करायचा कंटाळा, म्हणून ती एमआरटीच्या ट्रेनमध्येही तशीच.

थंड देशांतला कठीण वसंत कसा असतो, हे त्यांनी मला एका शब्दात समजावलं. "वापसा येत नाही, बस." पावसानंतर माती चिखल राहत नाही आणि कोरडीही होत नाही, पाय रुतत नाही आणि ढेकूळ हातात फुटतं, ती वेळ म्हणजे वापसा. तो येईपर्यंत रानात कोळपं घालायचं नाही, माणूस शिरायचा नाही. "तिकडं महिना-महिना वापसा नाही. खुरपायचं कसं? तण मात्र थांबत नाही. मग पहिल्या उघडिपीला शेतकरी घाईनं औषध मारतो. थंडीनं आधीच गारठलेलं बीट, त्यावर हे. आम्हाला बघायचंय ते एवढंच, की मरतं कोण. तण की बीट?" बॉसच्या केबिनबाहेर मी फाइल घेऊन उभी असले, की ते जाता जाता म्हणत, "वापसा नाही आज. शिरू नकोस."

मी त्यांच्या चाचण्यांची आकडेमोड बघायचे. पहिल्यांदा खोलीत गेले तेव्हा तणाच्या ट्रेमध्ये चाकवत बघून मी जवळजवळ ओरडलेच, "अय्या, चाकवत!" हिरवागार, कोवळा, पानांवर पांढरट भुकटी. क्वीन्सटाउनच्या माझ्या फ्लॅटपासून लिटिल इंडियापर्यंत पालथं घातलं तरी चाकवत मिळत नव्हता, आणि इथे ट्रे भरभरून! सर म्हणाले, "इथं ती भाजी नाही. बीटचा सगळ्यात मोठा वैरी आहे तो. एकाच घराण्यातले दोघं. म्हणूनच तर एकाला मारायचं औषध दुसऱ्यालाही लागतं."

ऐकलं, पण डोक्यात ताकातली भाजीच शिजत होती. पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी, औषध न मारलेला ट्रे समजून मी चौदा नंबरच्या ट्रेचे शेंडे खुडले आणि डब्यात भरून घरी नेले. भाजी झाली, फोडणी बसली, आणि बेल वाजली. दारात कानटोपी. खुडलेला ट्रे बघून सर आंग मो किओहून तडक आले होते.

"खाल्लीस?"

"अजून नाही, सर. बसा ना, तुम्हीपण…"

ते चपलांसकट स्वयंपाकघरात शिरले. पातेलं उचललं आणि सगळी भाजी पिशवीत ओतून पिशवीला गाठ मारली. चेहरा असा, की पातेल्यात मेलेला उंदीर सापडला असावा. "औषध मारलेला ट्रे होता तो. लेबल वाचत नाहीस? एवढं शिकून काय केलंस मग?" मी रडायला लागले, तेव्हा जरा मवाळ झाले. "पोरी, साबणानं हात धू आधी. आणि ते पातेलं टाकून दे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी चाचणीच्या वहीत लिहिलं: ट्रे चौदा वगळला आहे, माझ्या दुर्लक्षामुळे सहकाऱ्याने भाजीसाठी रोपे खुडली. माझं नाव कुठेच नव्हतं. पण झालं ते मात्र काना-मात्रेसकट होतं. मी म्हटलं, "सर, लिहायलाच हवं होतं का?" ते म्हणाले, "नाही लिहिलं तर तो ट्रे कुजेल वहीत. वास येत राहील."

मग आला त्या चाचणीचा शेवट. साध्या वसंताच्या ट्रेंमध्ये औषधाने तण मेलं, बीट तरलं. खोली मुद्दाम आणखी गार ठेवलेल्या थंड आठवड्याच्या आठ ट्रेंमध्ये बीट करपलं. सरांची मागणी एका ओळीची होती. औषधाच्या लेबलवर छापा: 'सलग थंड रात्री असताना फवारू नये.' एवढंच.

आमचा बॉस निखिल. पवईचा, गुळगुळीत, सगळ्यांशी मराठीत बोलून जवळीक साधणारा. त्याच्या केबिनमध्ये आम्ही तिघेच होतो. तो हसत म्हणाला, "डॉक्टर, तिकडे वसंत थंडच असतो हो. ही ओळ छापली तर घेणार कोण? आपण असं म्हणू, त्या आठवड्यात खोली बिघडली होती."

"खोली बिघडली नव्हती. वसंत बिघडवला होता. तसा बिघडवा म्हणून तुम्हीच सांगितलं होतं."

"अहो, पण ट्रे चौदा वगळलात ना तुम्ही? भाजीसाठी! मग हे आठ वगळायला काय हरकत आहे?"

माझ्या जिभेच्या चोचल्यांनी त्या माणसाच्या हातात हे हत्यार दिलं होतं. सर शांतपणे म्हणाले, "तो का वगळला ते लिहिलंय. तुम्हीपण लिहा. 'बीट मेलं म्हणून वगळले' असं लिहा, मी आत्ता सही करतो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "खोलीच्या तापमानाची नोंद हिच्याकडं असते. हिला विचारा, खोली बिघडली होती का?"

एक शब्द हवा होता. 'नाही.' माझा पीआरचा, म्हणजे इथे कायमचं राहण्याच्या परवान्याचा, अर्ज तेव्हा आत होता. हे कारण मी नंतर स्वतःला इतक्यांदा सांगितलंय, की आता त्याचाही वीट आला आहे. मी म्हणाले, "बघून सांगते." नोंद मला तोंडपाठ होती.

सरांनी सही केली नाही. त्यांच्या नोकरीच्या पासावर बायकोचा आणि मुलीचाही इथे राहण्याचा पास अवलंबून होता, आणि मुलीचं, गार्गीचं, ए-लेव्हलचं म्हणजे बारावीचं वर्ष होतं. हे निखिलला माहीत होतं आणि मलाही. दोन आठवड्यांत 'विभागाची फेररचना' झाली, सरांची नोकरी गेली आणि तिच्याबरोबर तिघांचे पासही. रिपोर्टवर सही कुणाची, असा प्रश्न आला तेव्हा निखिलने मला कॉफी पाजली आणि 'मोठी संधी' हा शब्द तीनदा वापरला. आठ ट्रे काढायला मला चार मिनिटं लागली. सही करायला त्याहून कमी. त्या कॉफीची चव अजून घशाशी येते.

सामान बांधायला मदत म्हणून मी त्यांच्या घरी गेले. खरं तर माफी मिळते का बघायला गेले होते. वहिनी खोक्यांना टेप लावत होत्या. गार्गी वर्षाच्या मध्यावर शाळा सोडणार होती, डोळे सुजलेले. मला बघून ती इथल्या इंग्रजीत म्हणाली, "पा कुड हॅव जस्ट साइन्ड, लाह. एव्हरीबडी साइन्स." सर तिच्यावर चिडले नाहीत. तिच्या पुस्तकांना सुतळी बांधत म्हणाले, "तुझं वर्ष गेलं त्याचं मला वाईट वाटतंय बाळा. फार वाटतंय. पण त्या रानात माझ्यासारखाच कुणीतरी बाप असणार." मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानेच थांबवलं. "तो टेप दे इकडं," म्हणाले. निघताना दारापर्यंत आले नाहीत.

पुढच्या वसंतात तिकडे थंडी लांबली. तक्रारींचे ईमेल येऊ लागले, सोबत फोटो. सरीत बीटच्या जागी तपकिरी ठिपके, आणि मोकळ्या झालेल्या जागेत तरारून आलेला चाकवत, गुडघ्याएवढा. निखिलने उत्तराचा मसुदा करायला सांगितला: 'स्थानिक परिस्थितीनुसार परिणामांत फरक पडू शकतो.' मी केला. माझा पीआर झाला होता. ऑफिसात केकही कापला होता.

त्या आठवड्यात मी सरांना सांगलीला फोन लावला. खूप दिवसांनी आवाज ऐकला. मी म्हणाले, "सर, तुमचं खरं झालं." मला वाटलं होतं, त्यांना थोडं बरं वाटेल. निदान मला तरी वाटेल.

त्यांनी आधी सगळं विचारून घेतलं. रोपं किती पानांवर होती, रात्रीचं तापमान किती, नंतर कुणी हातानं खुरपून बघितलं का. मग विचारलं, "पुन्हा पेरायला वेळ उरलाय का त्यांना?"

"नाही, सर. हंगाम गेला."

मग म्हणाले, "ती ओळ छापली?"

"नाही."

"तू अजून तिथंच आहेस?"

"हो."

"मग हे मला कशाला सांगतेस? सही तुझी आहे. त्यांना सांग."

त्यांनी फोन ठेवला. तक्रारींचे ते सगळे ईमेल माझ्याकडे आहेत, नाव-पत्त्यासकट. मी अजून एकालाही लिहिलेलं नाही.