उसात शिरण्याची परवानगी

युद्धभूमीवर माणूस स्वतःला पहिल्यांदा खरा भेटतो. मी मला भेटलो तो बिबवेवाडीत, सायकलच्या दुकानावरच्या एका फ्लॅटमध्ये, रविवारी सकाळी, पोहे खाऊन झाल्यावर, पायांत नुसते मोजे घालून. भेट फार वेळ चालली नाही, पण आमचं एकमेकांविषयीचं मत थोडं सुधारलं.

झालं असं, की भाचीचा फोन आला. ती आणि तिचा कॉलेजपासूनचा मित्र व्हिडिओ गेम करतात. करतात म्हणजे खेळत नाहीत, बनवतात. हा फरक माझ्या बहिणीला कळायला बराच काळ गेला, आणि पटायला अजून जातो आहे. गेम बंदुकीचा आहे. पडद्यावर खेळणारा स्वतःला दिसत नाही, फक्त स्वतःचे हात दिसतात, आणि समोर येईल त्याला तोंड द्यायचं. तो अजून बाजारात आलेला नाही, यायचा आहे.

"मामा, रविवारी मोकळा आहेस का?"

"निवृत्त माणसाला हे विचारू नये गं. उगाच डायरी बघितल्याचं नाटक करावं लागतं."

"मग ये. तुला खेळायचंय."

"मला? पत्त्यांशिवाय मी आयुष्यात काही खेळलेलो नाही."

"म्हणून तर."

त्याआधी तिने मला गेमची छोटी जाहिरात पाठवली होती. तीत एक खर्जातला आवाज म्हणत होता, "माती विसरत नाही. रक्तही विसरत नाही." माझी नोकरी एका प्रकाशनात हस्तलिखितं तपासण्याची होती. मातीच्या वतीने बोलणारे लेखक मी पुष्कळ पाहिले आहेत. मातीच्या हातात पेन दिलं असतं, तर तिने पहिली तक्रार यांच्याविरुद्धच लिहिली असती. तेव्हा मी सदाशिव पेठेतून स्कूटरवर निघालो तो जरा हसायला मिळेल अशा अपेक्षेने. हसायला मिळालंही, पण हसण्याचं कारण मी ठरवून गेलो होतो ते नव्हतं.

एक गोष्ट मला त्या दिवशी उशिरा कळली, पण वाचकाला आत्ताच सांगून टाकतो. गेमचा पहिला भाग म्हणजे उसाचं शेत आहे. शेतापलीकडे बंद पडलेला साखर कारखाना, त्यात एका टोळीने खेळणाऱ्याच्या भावाला डांबून ठेवलंय, आणि उसातून वाट काढत तिथवर जायचं. नकाशा नाही, खुणा नाहीत. बंद कारखान्याचा भोंगा मधूनच वाजतो, म्हणजे आत कोणीतरी आहे. त्याच्या रोखाने चालायचं. उसात बंदूकवाले फिरतात, ते दिसत नाहीत, ऐकू येतात. भाचीने गेली दोन वर्षं या शेताला दिली होती. पण गेम बाजारात आणणाऱ्या कंपनीचं म्हणणं, की नवा माणूस वाट चुकतो, वैतागतो आणि बंद करून टाकतो. कधीच न खेळलेल्या माणसांना खेळवून बघा, बहुतेक जण कारखान्यापर्यंत पोचले तर ठीक. नाहीतर पडद्यावर पिवळा बाण लावा. बाण लागला की ऐकण्याचं कारण संपलं. माणूस बाणाकडे बघत चालत सुटणार, आणि शेत उरणार ते भिंतीला दिलेल्या हिरव्या रंगाइतकं.

यातलं काहीही भाचीने मला किंवा माझ्यासारख्याच बोलावलेल्या आणखी दोघांना सांगितलं नाही. सांगायचं नसतं.

"तू खेळत असताना आम्ही गप्प बसणार," ती म्हणाली. "काही विचारलंस तरी उत्तर मिळणार नाही."

"हा काय उद्धटपणा?"

"नियम आहे मामा. लोक विकत घेतील तेव्हा आम्ही त्यांच्या घरी जाऊन थोडंच सांगणार?"

या शहरात अनोळखी माणूस गाडी मागे घेत असेल तरी चार जण थांबून त्याला सूचना देतात. अशा ठिकाणी वाढलेल्या दोन माणसांनी चुकणाऱ्याच्या मागे खुर्च्या टाकून तोंड मिटून बसायचं, हा नियम मला गेमहून अवघड वाटला. भाचीने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. मित्र छताकडे बघत होता.

माझ्या हातात दोन दांड्यांची एक वस्तू दिली. डाव्या अंगठ्याने चालायचं, उजव्याने मान वळवायची. बाकीचं जसं लागेल तसं गेम सांगेल, म्हणाली. मी सुरुवातीला चाललो तो सरळ कुंपणावर आदळलो, मग काही वेळ आभाळाकडे बघत उलटा चाललो. मग जमलं.

आणि मग मी हसायचा थांबलो. संध्याकाळ होती. एका बाजूला कच्चा रस्ता, दुसऱ्या बाजूला कुंपणापलीकडे ऊस. समोर माझे हात, म्हणजे ज्याचा मी झालो होतो त्याचे. डाव्या मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याने झाकलेल्या कातडीचा फिकट पट्टा होता, घड्याळ नव्हतं. खर्जातल्या आवाजाला जे सांगता आलं नव्हतं ते या पट्ट्याने सांगून टाकलं होतं. मी उसाच्या फार जवळून गेलो, तर पातं घासून हातावर लाल रेघ उमटली, आणि ती पुसली गेली नाही. वारा आला की आधी लांबचा ऊस बोलायचा, मग जवळचा. तेवढ्यात भोंगा वाजला. मी खुर्चीत होतो, तरी मान आवाजाच्या दिशेने माझी वळली, अंगठ्याने नव्हे, खरी.

रस्ता संपला तिथे फाटक होतं. उघडं. पलीकडे ऊस. फाटकाशेजारच्या भिंतीवर पाटी होती: परवानगीशिवाय आत येऊ नये. – व्यवस्थापक.

मी थांबलो.

परवानगी कोण देतं ते बघायला इकडेतिकडे फिरलो. रस्त्याच्या वळणावर पहारेकऱ्याची खोली होती. आत खुर्ची, खुंटीला शर्ट, टेबलावर स्टीलचा डबा. माणूस नव्हता. डबा आहे म्हणजे येईल, असा विचार करून मी खोलीबाहेर उभा राहिलो. भोंगा पुन्हा वाजला. मागे खुर्ची करकरली. कोणीतरी मोठा श्वास घेतला आणि तो पूर्ण सोडला नाही. पहारेकरी काही आला नाही. शेवटी भाची म्हणाली, "थांब मामा. झालं."

माझ्यानंतर मित्राची आई बसली. हे लोक पुण्याजवळच्या मांजरी गावचे, शेतकरी. ती मला एकदम सफाईने चालताना दिसली. उसाजवळ आली आणि उभीच राहिली. बराच वेळ नुसतं ऐकत होती. मग मागे न बघता मुलाला म्हणाली, "ह्याला पानी कोण देतं रं?"

मुलगा नियम विसरला. "कॉम्प्युटरमधलं ग्राफिक्स कार्ड, आई."

"एकटंच?"

या उसाचा आवाज त्यांच्याच शेतात रेकॉर्ड केलेला होता. घरच्या जमिनीचा शेवटचा पट्टा, पलीकडे इमारतींचे दिवे. भाची तिथे माइक घेऊन ओळीओळीतून फिरली होती. आता त्या पट्ट्यावर पाया खणला आहे. फाटकाशी आल्यावर आईनेही पाटी वाचली, खोलीत डोकावली आणि पडद्याला मोठ्याने विचारलं, "कुनी हाय का?" कोणी नव्हतं. मग ती फाटकाबाहेर थांबली. "दुसऱ्याच्या रानात असं कसं शिरायचं," म्हणाली.

तिसरे चाचा. म्हणजे खालच्या सायकल दुकानाचे मालक; शुक्रवारी नमाजाला दुकान बंद ठेवतात आणि इतर दिवशी अख्ख्या इमारतीच्या चौकशा सांभाळतात. त्यांनी पाटी वाचली आणि क्षणाचाही विचार न करता पाठ फिरवली. "बंद म्हणजे बंद. उद्या येऊ." आल्या वाटेने ते परत चालत गेले, ते गेमची जमीन संपते तिथपर्यंत. पुढे काही केलेलंच नव्हतं.

"अहो, इथे रस्ता संपवलाय," चाचा म्हणाले. "पुढे नुसतं आभाळ. ठेकेदार पळाला वाटतं."

मग चहा झाला. मित्राने कंपनीची अट तेव्हा सांगितली आणि वर म्हणाला, "तिघांपैकी एकही जण आत गेला नाही. कॉलेजची मुलं काल पाटी न बघता घुसली, पण ती रोज खेळणारी, त्यांना धरत नाहीत. सॉरी यार, आपल्याला बाण लावावा लागणार."

"लाव," भाची म्हणाली. एवढंच. आणि कप न विसळताच तो पुन्हा पुन्हा पुसायला लागली. तिच्या आईची ही सवय मला ठाऊक आहे. रडायचं नसलं की या घरातल्या बायका भांडी पुसतात.

"लाव म्हणजे? मला वाटतं ना की चांगलं आहे हे," मित्र म्हणाला. "ते शेत आमचंच आहे. पण लोक हरवतायत."

"मी हरवलो नव्हतो," मी म्हणालो.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

"कुठे जायचं ते मला नीट कळलं होतं. भोंगा उजवीकडून येत होता. फक्त जायची परवानगी नव्हती."

"तेच की," चाचा म्हणाले. "वाट माहीत होती. पण लिहिलंय म्हटल्यावर?"

"मामा, तो गेम आहे!" भाची म्हणाली. "तिथे बंदुका घेऊन माणसं फिरतायत आणि तू पाटी पाळतोयस?"

"बंदूकवाले मला दिसले नाहीत. पाटी दिसली. कोणी लिहिली ती?"

तिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "मीच. दोन मिनिटांत. भिंत रिकामी वाटत होती."

उसाच्या एकेका पात्यासाठी दोन वर्षं, आणि पाटीसाठी दोन मिनिटं. पुण्यात जन्मून पाटीला सजावट समजणारी ही मुलगी आमच्या घराण्यातली पहिलीच.

मित्राचा चेहरा उजळला. "पाटी काढून टाकू. सिंपल."

"काढू नका," मी म्हणालो. एवढ्या ठामपणे मी याआधी फक्त अनुस्वारांविषयी बोललो असेन. "तिच्यामुळे मला पहिल्यांदा वाटलं, की ही जागा कोणाची तरी आहे. नाहीतर नुसतं चित्र होतं. छान, पण चित्र."

"रान कुनाचं तरी असतंयच," मित्राची आई म्हणाली.

"मग लोक आत कसे जाणार?" भाचीने विचारलं.

मी कागद मागितला. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं कापली, स्वतःचं छापायची वेळ ही अशी आली. दुसरी पाटी लिहिली, पहारेकऱ्याच्या खोलीच्या दारावर लावायची: पहारेकरी जेवायला गेला आहे. आत जाणाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर जावे. नंतर तक्रार चालणार नाही.

चाचांनी ती वाचली. "हे बरोबर आहे. आता जाता येईल."

भाचीने ती तिथल्या तिथे गेममध्ये चढवली, आणि अक्षराला गंजसुद्धा दिला. आम्ही तिघं पुन्हा ओळीने खेळलो. तिघांनीही खोलीचं दार वाचलं, मान डोलावली आणि फाटकातून आत गेलो. बंदूकवाल्यांपासून वाचण्याची हमी त्या पाटीत कुठेच नव्हती, पण रीतसर कळवलेलं होतं, आणि आम्हाला तेवढं पुरलं.

आत गेल्यावर कळलं, दोन वर्षं कुठे गेली ते. वाळलेलं पाचट पायाखाली कडकडा वाजतं. मी घाईने चाललो की मला माझ्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं. थांबलो की शेत पुन्हा बोलायला लागायचं. वाऱ्याने हलणारा ऊस आणि माणसाने हलवलेला ऊस यांच्या आवाजात फरक आहे. तो मला कोणी शिकवला नाही, कुठे लिहून आला नाही. एकदा वारा पडला आणि तरी डावीकडची पाती सळसळत राहिली. मी उभा राहिलो. सळसळ जवळ आली, अगदी जवळ, कोणीतरी खोकलं, आणि पुढे निघून गेलं. खोकणाऱ्याला मी पाहिलं नाही, पण त्याला घरी कोणीतरी औषध देत असेल असा विचार माझ्या मनात येऊन गेला. मोठाली पुस्तकं वाचून झाल्यावरही असा विचार प्रत्येक वेळी येतो असं नाही. मग भोंगा वाजला, आणि तो आता समोरून आला. ऊस संपला. कारखान्याचं धुराडं उभं होतं.

मागे कोणीतरी टाळी वाजवली. नियम मोडून भाचीनेच. मित्राची आई माझ्याहून कमी वेळात पोचली. चाचा वाटेत एकदा मारले गेले, पण त्यांनी पुन्हा सुरुवात केली आणि पोचले. "भीती वाटली," ते म्हणाले. "पण चांगली भीती. आतून हात जोडायला लावणारी." जाताना त्यांनी रस्ता पुढे करून घ्यायची आठवण करून दिली.

पुढच्या रविवारी इमारतीतले नवे लोक बसवले. बहुतेक सगळे कारखान्यापर्यंत गेले. त्यांचं खेळणं बघून कंपनीने बाणाचा विषय सोडला. जाहिरातीतला खर्जातला आवाज मात्र तसाच आहे. त्यावर माझा इलाज चालला नाही. भाचीने मला सांगितलं, की बाहेर सांगायला एखादं वाक्य दे, सुरुवातीला खेळलेल्यांची मतं छापायची आहेत. मी लिहून दिलं, की या गेममधला ऊस मी वाचलेल्या बऱ्याच उसांपेक्षा खरा आहे. ते तिने जसंच्या तसं घेतलं, फक्त वर "बंदुकीच्या गेमविषयी" असा मथळा घातला.

मथळ्याबद्दल मला थोडी शंका आहे. बंदूक बाहेर कशी काढायची ते, शत्रूने आपल्याला पाहिलं की गेम सांगतो, असं तिने मला नंतर समजावलं. मला अजून कोणी पाहिलेलं नाही. त्यामुळे या गेममध्ये बंदूक आहे, हे मी फक्त ऐकून आहे.