हातभर जहाजावरचा गंज

युद्धनौकेच्या हातभर मॉडेलवर मी बारीक ब्रशने गंज रंगवत होतो. नांगराच्या साखळीखाली तांबूस ओघळ उतरले की प्लास्टिकसुद्धा समुद्र पाहिल्यासारखं दिसतं. बाबा मागे येऊन उभे राहिले. गोदीत त्यांनी उभा जन्म याच जहाजाचा गंज खरवडण्यात घालवला. "असं ठेवतात होय? साहेब राउंडला येतील!" म्हणत त्यांनी सदऱ्याच्या टोकाने अजून न वाळलेला तेलरंग पुसून काढला.

साहेब रिटायर झाले, जहाज भंगारात गेलं; बाबांच्या छातीतली घरघर तेवढी अजून ड्युटीवर आहे. ज्या गंजाने त्यांना खाल्लं, तो मी हौसेने बाटलीतून विकत आणतो. आणि त्या क्षणी मला वाईट वाटलं, ते माझी तीन दिवसांची मेहनत फुकट गेल्याचं.